लोडाईचा सांगाडा : नुसत्या हाडांवरून प्राणी ओळखतात तो कसा?

दगडफूल

मागच्या आठवड्यात येथील कच्छच्या सहलीच्या धाग्यावर एका सदस्यांनी ओघात लिहिले की भुजजवळ काही वर्षांपूर्वी 'डायनासोरचा साडेपाच मीटर लांबीचा अखंड सांगाडा' सापडला होता. त्या एका वाक्यात तीन चुका आहेत. त्यांत लिहिणाऱ्यांचा दोष नाही, कारण त्या वेळच्या बऱ्याच बातम्या थोड्याफार याच वळणाच्या होत्या. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढला आहे.

पहिली चूक अशी की तो डायनासोर नव्हता, इक्थिओसॉर होता. इक्थिओसॉर म्हणजे समुद्रात राहणारा, हवेत श्वास घेणारा आणि बाह्य आकाराने पुरता माशासारखा झालेला सरपटणारा प्राणी. डायनासोरांची वंशावळ निराळी. दुसरी चूक 'अखंड' या शब्दाची आहे. हाडे एकमेकांना धरून जागच्या जागी होती हे खरे, पण कवटीचा बराच भाग आणि शेपटीचे टोक सापडलेले नाही. मुस्कटाचा पुढचा भाग आणि पाठीचा कणा यांवरच मुख्य भिस्त आहे. तिसरी चूक लांबीची. पाच ते साडेपाच मीटर हा आकडा टेप लावून मोजलेला नसून, उरलेल्या कण्याच्या लांबीत हरवलेल्या भागांची भर घालून बांधलेला अंदाज आहे, आणि मूळ लेखात तो 'असू शकेल' अशाच भाषेत दिलेला आहे.

हा सांगाडा भुजच्या ईशान्येस असलेल्या लोडाई गावाच्या दक्षिणेला, कत्रोल शैलसमूहाच्या थरांत २०१६ मध्ये मिळाला. खडक इतका चिवट होता की तो मोकळा करण्यात सुमारे १५०० मनुष्यतास गेले. जी. व्ही. आर. प्रसाद, धीरेंद्र पांडे, मथियास आल्बेर्टी, फ्रान्झ फ्युर्सिश, महेश ठक्कर आणि गौरव चौहान यांनी त्याचे वर्णन ऑक्टोबर २०१७ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. भारतातील जुरासिक खडकांतून मिळालेला हा पहिला इक्थिओसॉर होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. ओळखीची सुरुवात हाडापासून होत नाही, ती खडकापासून होते. त्याच थरांत अमोनाइट (शंखासारख्या गुंडाळलेल्या कवचाचे सागरी प्राणी) आणि बेलेम्नाइट (माकुलीसारखे प्राणी) मिळाले. अमोनाइटांच्या जाती भराभर बदलत गेल्यामुळे कोणती जात कोणत्या काळाची हे बरेच नेमके सांगता येते, आणि कच्छचे अमोनाइट तर एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञ वागेन यांनी अभ्यासल्यापासून जगभर परिचित आहेत. त्यांच्या आधारे थराचे वय किमरिजियन काळाच्या उत्तरार्धात, म्हणजे ढोबळमानाने पंधरा कोटी वर्षांपूर्वीचे ठरते. एवढे कळले की उमेदवारांची यादी आपोआप लहान होते. मोसासॉर हे प्रसिद्ध सागरी सरडे त्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी अवतरले, तेव्हा त्यांचा विचारच करायला नको. उरतात तीन : इक्थिओसॉर, लांब किंवा आखूड मानेचे प्लेसिओसॉर आणि समुद्रात गेलेल्या मगरी. यांपैकी शेपटीचा कणा खालच्या बाजूला वाकलेला दिसला की प्राणी इक्थिओसॉर, अशी खूणगाठ बांधायला हरकत नाही असे मी समजते.

अस्थिपंजर

धागा उत्तम आहे, दगडफूलताई, पण शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात अनेक वर्षे शरीररचना शिकवली. जीवाश्म हा माझा छंद असला, तरी मणका हा माझ्या रोजच्या भाकरीचा विषय होता.

जुरासिक समुद्रातील मगरींची एक शाखा, मेट्रिओऱ्हिंकिड, पुरती पाण्यात राहू लागली होती. त्यांचे पाय वल्ह्यांसारखे झाले, अंगावरची हाडांची चिलखती खवले गेली आणि शेपटीचा कणाही टोकाशी खाली वाकला. म्हणजे तुम्ही सांगितलेली खूण दोघांतही आढळते. सारखे काम पडले की सारखी हत्यारे घडतात, त्यामुळे पोहण्याशी संबंधित असलेली कोणतीही खूण ओळखीसाठी एकटी पुरत नाही. शिवाय लोडाईच्या नमुन्यात नेमका तो वाकापलीकडचा भागच मिळालेला नाही.

म्हणून मणका हातात घ्यावा. इक्थिओसॉरच्या मणक्याचा मुख्य भाग कॅरमच्या जाड सोंगटीसारखा असतो, व्यास मोठा आणि जाडी त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी. त्याच्या दोन्ही सपाट बाजू बशीसारख्या खोल असतात, इतक्या की मधोमध उभा छेद घेतला तर डमरूचा आकार दिसतो. मगरीचा मणका याउलट रिळासारखा, रुंदीपेक्षा लांब असतो. प्लेसिओसॉरचा जाड आणि दोन्ही टोकांना जवळपास सपाट असतो, आणि त्याच्या पोटाकडच्या बाजूला बहुधा दोन बारीक छिद्रे शेजारीशेजारी असतात, ज्यांतून रक्तवाहिन्या जात. बैलाच्या मानेचा मणका ज्यांनी पाहिला असेल त्यांना या तिघांतील एकही ओळखीचा वाटणार नाही, कारण सस्तन प्राण्यात मज्जारज्जूवरची कमान मणक्याशी एकजीव होते. इक्थिओसॉरमध्ये ती कधी सांधत नाही. प्राणी मेल्यावर कमान गळून पडते आणि मणक्याच्या माथ्यावर दोन लांबट खडबडीत पट्टे तेवढे उरतात. सुट्या मणक्यांत मी सर्वांत आधी हे पट्टे शोधतो.

त्यानंतर बरगड्यांच्या बैठका. पुढच्या भागातील मणक्याच्या प्रत्येक कुशीवर दोन उंचवटे असतात. मागे जावे तसे ते खाली सरकत जातात आणि शेपटीत दोहोंचा मिळून एकच होतो. त्यामुळे एकटा मणका मिळाला तरी तो अंगाच्या साधारण कोणत्या भागातला, हे सांगता येते.

आणि दात. मगरीचा प्रत्येक दात जबड्यातील स्वतंत्र खळग्यात बसतो, इक्थिओसॉरचे दात बहुधा एका लांब सामाईक पन्हळीत ओळीने उभे असतात आणि त्यांच्या मुळांवर उभ्या घड्या असतात. लोडाईच्या मुस्कटाचा तुकडा म्हणूनच मोलाचा आहे.

दगडफूल

हरकत मान्य आहे, सर. शेपटीबद्दलचे वाक्य मागे घेते. मूळ धाग्यात दुरुस्ती न करता ते तसेच ठेवते, म्हणजे वाचणाऱ्याला तुमचा प्रतिसाद कशावर आहे ते कळेल.

दातांवरून आठवले. लोडाईच्या दातांची झीज पाहून संशोधकांनी असा कयास केला आहे की हा प्राणी कठीण, घासणारे खाद्य खात असावा, म्हणजे अमोनाइट, बेलेम्नाइट आणि जाड खवल्यांचे मासे. ज्यांच्यामुळे त्याचा काळ कळला, तेच बहुधा त्याचे जेवण होते.

बिनधास्त_शंका

मी या विषयात अगदीच नवखा आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमस्व. पंधराशे तास खोदकाम, सहा संशोधक, आणि अखेर निष्कर्ष काय, तर 'ऑफ्थाल्मोसॉरिडी कुळातील प्राणी'. जात नाही, प्रजाती नाही. इतक्या कष्टानंतर एखादे 'कच्छसॉरस' नाव द्यायला काय अडचण होती? याला अर्धवट ओळख म्हणावे की नाही?

दगडफूल

अर्धवट खरी, पण जाणूनबुजून अर्धवट ठेवलेली. भारतात याच्या उलट काय होते त्याचे उदाहरण आपल्यापाशी आहे. तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीच्या परिसरातील क्रिटेशस, म्हणजे जुरासिकनंतरच्या काळातील, थरांतून मिळालेल्या काही सुट्या मणक्यांवरून १८७९ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी 'इक्थिओसॉरस इंडिकस' अशी नवी प्रजाती जाहीर केली. पुढे ते नाव 'प्लॅटिप्टेरिजिअस' या दुसऱ्या प्रजातिसमूहात हलवले गेले. आजचे अभ्यासक ते संशयास्पद नावांच्या यादीत टाकतात, कारण अस्थिपंजर सरांनी वर्णन केलेली सोंगटी डझनभर प्रजातींत सारखीच असते. मणक्यावरून 'इक्थिओसॉर' इथवर खात्रीने येता येते, पण त्यापुढचे घर गाठायला इतर हाडे लागतात.

ऑफ्थाल्मोसॉरिडी कुळाच्या खुणा मुख्यतः कवटीच्या मागच्या तळाशी आणि पुढच्या वल्ह्याच्या हाडांत असतात. या कुळात दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला, आपल्याप्रमाणे कोपरापुढच्या दोन हाडांसाठीच्या बैठका असतातच, शिवाय पुढच्या कडेला एका जादा हाडासाठी आणखी एक बैठक असते. वल्ह्यातील बोटांची हाडे लांबट राहिलेली नसून फरशीच्या तुकड्यांसारखी एकमेकांना चिकटून बसलेली असतात. कुळाचे नाव मात्र डोळ्यावरून पडले आहे. ऑफ्थाल्मोसॉरसच्या डोळ्याभोवतीच्या हाडांच्या कड्याचा व्यास वीस सेंटिमीटरहून अधिक भरतो, म्हणजे आपल्या जेवणाच्या लहान ताटलीएवढा डोळा.

प्रजाती ठरवायची तर कवटीच्या हाडांचे आपसातील सांधे दिसायला हवेत. लोडाईला ती कवटीच नाही. नाव न देणे हा मला त्या लेखाचा गुण वाटतो, आणि आपल्याकडे तो दुर्मीळ आहे असेही, थोडे धाडस करून, म्हणते.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टजवळ राहतो. इथून तासाभराच्या अंतरावर होल्झमाडेन हे खेडे आहे, जिथल्या सुमारे अठरा कोटी वर्षे जुन्या काळ्या पाटीच्या दगडात शेकडो इक्थिओसॉर निघाले. तिथल्या हाउफ संग्रहालयात मी पाहुण्यांना इतक्या वेळा नेले आहे की आता तिकीट देणाऱ्या बाई मला ओळखतात.

शेपटीचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. सुरुवातीच्या काळात इंग्लंडमध्ये, जीवाश्म गोळा करणारी मेरी ॲनिंग आणि तिच्या भावाने १८११-१२ मध्ये लाइम रेजिसच्या कड्यातून काढलेल्या प्रसिद्ध सांगाड्यापासून पुढे कितीतरी वर्षे, शेपटीतला तो वाक म्हणजे मेल्यानंतर झालेली मोडतोड असे समजून काही जण कणा सरळ करून मांडत. शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांना १८३८ मध्ये शंका आली की मोडतोड असेल तर ती प्रत्येक सांगाड्यात त्याच जागी कशी? त्यांनी तिथे उभा पर असावा असे अनुमान काढले. त्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा होल्झमाडेनने दिला. बेर्नहार्ड हाउफ यांनी १८९२ मध्ये एक नमुना इतक्या हलक्या हाताने साफ केला की हाडांभोवती कातडीची काळसर रेघ शाबूत राहिली, आणि तीत पाठीवरचा त्रिकोणी पर व चंद्रकोरीसारखी शेपटी स्पष्ट दिसली. पाठीवरच्या परात एकही हाड नसते, त्यामुळे केवळ सांगाडा पाहून तो कोणाला कधीच कळला नसता. त्याआधी हीच हाडे घाईने छिलून बाजूची 'घाण' फेकून देणाऱ्या कारागिरांनी काय काय गमावले असेल याचा विचार मी दर वेळी त्या काचेसमोर करतो.

इथे काही माद्यांच्या पोटात पिल्लांचे सांगाडे आहेत. अंडी घालायला किनाऱ्यावर न जाता हे प्राणी पाण्यातच पिल्लांना जन्म देत, हे त्यावरून कळले. पण तिथेही ओळखीचा प्रश्न येतोच : आतले लहान सांगाडे हे गर्भ की गिळलेले भक्ष्य? हाडे चघळलेली वा जठराम्लाने झिजलेली नसणे आणि त्यांची जागा श्रोणीच्या आसपास असणे यांवरून निर्णय घ्यावा लागतो.

एक इशाराही देऊन ठेवतो. मी स्वतः एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मोरोक्कोच्या खुरिब्गा भागातील फॉस्फेट खाणींतला म्हणून मोसासॉरचा जबडा विकत घेतला. दात अस्सल निघाले, जबडा नव्हे. वाळू आणि गोंद यांचा गिलावा करून त्यात सुटे दात रोवलेले होते. घरी आणल्यावर जंबुपार प्रकाशाचा दिवा धरला, तेव्हा प्रत्येक दाताभोवती गोंदाची निळसर कडी उजळली. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस चोळला तर 'हाड' बोटाला लागले. खऱ्या हाडाचा तुटका काठ भिंगातून पाहिल्यास ब्रेडच्या कापासारखी जाळी दिसते, तिथे नुसते वाळूचे कण होते. रक्कम सांगत नाही, घरात अजून माहीत नाही. हा उद्योग नवा आहे असेही नाही. थॉमस हॉकिन्स या संग्राहकाने १८३० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमला विकलेल्या इक्थिओसॉरांत बरेच भाग प्लॅस्टरने 'पूर्ण' केलेले निघाले होते आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला होता.

वाघळी

कोकणातल्या मंडळींसाठी एक पुरवणी जोडतो. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर वाळूत गोल चकतीसारखे मणके सापडतात आणि दर वर्षी कोणीतरी ते 'समुद्री डायनासोरचे' म्हणून छायाचित्रांसह पाठवतो. ते डॉल्फिनचे, क्वचित देवमाशाचे असतात. त्यांची दोन्ही टोके सपाट असतात, बशीसारखी खोल नसतात, बाजूंना पंखांसारखे लांब हाडाचे फाटे किंवा ते तुटल्याच्या खुणा असतात आणि मणका आकाराच्या मानाने हलका लागतो. सह्याद्रीच्या काळ्या दगडात सापडलेली 'हाडे' हा आणखी वेगळा प्रकार. तो दगड लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इक्थिओसॉर त्याच्या अडीच-तीन कोटी वर्षे आधीच संपले होते. बहुतेक वेळा ते पोकळीत साचलेले कॅल्साइट किंवा गारगोटी असते.

तंजावरी

नमस्कार. आमचे घराणे कित्येक पिढ्या तंजावरात आहे, तेव्हा माझ्या लिहिण्यात काही शब्द आपल्याला जुने वाटल्यास सांभाळून घ्यावे.

हा धागा वाचून मी देवघराशेजारच्या कपाटातून एक दगड काढला. माझे मामा तिरुचिरापल्लीजवळच्या अरियलूरकडे सिमेंटच्या चुनखडी खाणीत नोकरीस होते. त्यांनी तो आणला आणि आमच्या आजोबांनी तो पंचांगाची पाने उडू नयेत म्हणून आयुष्यभर वापरला. गोल आहे, व्यास सात सेंटिमीटर, जाडी अडीच. दोन्ही बाजू बशीसारख्या खोल आहेत, आणि त्यांत पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी एकात एक वर्तुळे आहेत. रंग मधासारखा. लायडेकर साहेबांचे इक्थिओसॉरही आमच्याच मुलखातले, असे वर वाचले, आणि सर्व वर्णन जुळते असे वाटून रात्री झोप आली नाही. छायाचित्रे जोडली आहेत.

अस्थिपंजर

तंजावरी, तुमचे शब्द सांभाळून घ्यायचे कारण नाही, ते आमच्यापेक्षा नीट आहेत.

दोन्ही छायाचित्रे वरून काढलेली आहेत. कृपया दगड उभा धरून त्याच्या कडेचे छायाचित्र द्यावे, प्रकाश एका बाजूने तिरपा पडू द्यावा आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. दगड धुऊ नये, तेल लावू नये. मला कडेवर तीन गोष्टी पाहायच्या आहेत : माथ्यावरचे दोन पट्टे, कुशीवरचे उंचवटे आणि पृष्ठभाग गुळगुळीत आहे की चिरा असलेला.

दगडफूल

आणि एक प्रश्न माझा. मामांनी तो खाणीतच उचलला की आसपास कुठे? प्रश्न खोचक नाही, सगळे त्यावर अडले आहे. इक्थिओसॉरचे अवशेष त्या भागात करई शैलसमूहाच्या मातकट, पांढऱ्या जिप्समच्या शिरा असलेल्या उजाड थरांत मिळतात. सिमेंटसाठी खणली जाणारी कल्लनकुरिचीची चुनखडी मात्र क्रिटेशसच्या अगदी अखेरच्या पर्वातली, सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा जगात कुठेच इक्थिओसॉर उरले नव्हते. दगडाला चिकटलेला थोडा मूळ खडक कुठे दिसतो का?

तंजावरी

मामा आता हयात नाहीत. मामींना विचारले. त्या म्हणाल्या, 'सुट्टीच्या दिवशी ते सायकलवर रानोमाळ हिंडत, कुठून काय आणत ते त्यांनाच ठाऊक.' एका बशीच्या तळाशी पिवळसर चिवट कण आहेत, ते चुन्याचे की मातीचे हे मला समजत नाही. लिंबाचा रस घालून पाहावे असे मुलीने सुचवले, तिला मी थांबवले.

कडेचे छायाचित्र जोडत आहे. माथ्यावर पट्टे मला दिसत नाहीत, उंचवटेही हाताला लागत नाहीत. दोन्ही बशांच्या काठांमध्ये सभोवार उभ्या बारीक फटी आहेत, कंगव्याच्या दातांसारख्या, अगदी सारख्या अंतरावर. आजवर मी ते झिजण्याचे चरे समजत होतो.

अस्थिपंजर

मुलीला थांबवलेत हे फार चांगले केले.

त्या फटींनीच उत्तर दिले आहे. हा शार्कचा मणका आहे. शार्कच्या अंगात हाड नसते, कूर्चा असते. मणक्याच्या कूर्चेत चुना साठून दोन शंकू टोकाला टोक जोडल्यासारखे तयार होतात आणि त्यांच्यामध्ये चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पातळ पडदे उभे राहतात. मधली मऊ कूर्चा कुजून गेली की पडद्यांमधल्या जागा बाहेरून अशा कंगव्यासारख्या फटी म्हणून दिसतात. ही रचना मोठ्या शिकारी शार्कांच्या, म्हणजे आजच्या ग्रेट व्हाइटच्या गणात आढळते. बशीतील वर्तुळे वाढीची आहेत. इक्थिओसॉरची कड घट्ट हाडाची असते आणि बरगड्यांच्या बैठका तीवर असतातच, त्या इथे नाहीत. वरून पाहिले तर दोन्ही सोंगट्या सारख्या दिसतात, त्यामुळे तुमची झोप उडाली याचे नवल नाही.

मात्र शार्क करईच्या काळातही होते आणि चुनखडीच्या काळातही, त्यामुळे वय यावरून कळणार नाही. तो चिकटलेला पिवळसर कण मात्र खरवडू नका. जवळच्या विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात भिंगाखाली तो कोणी पाहिला, तर त्यातील सूक्ष्म कवचांवरून थर ठरू शकेल.

बिनधास्त_शंका

म्हणजे इक्थिओसॉर निघाला नाही याचे वाईट वाटते. पण आता 'कच्छसॉरस' का नाही, ते मला समजले.

तंजावरी

वाईट मलाही थोडे वाटले, ते लपवत नाही. भूविज्ञान विभागात पुढच्या महिन्यात घेऊन जाईन. तोवर एका चिठ्ठीवर लिहून दगडाखाली ठेवले आहे : 'शार्कचा मणका. मामांनी अरियलूर परिसरातून आणला. थर अनिश्चित.' मामींनी ती वाचून खाली पेन्सिलीने 'सायकलवरून' असे जोडले.